टाकीतला अंधार

तिसगावच्या वेशीबाहेर, पाथर्डीकडे जाणाऱ्या सडकेला लागून पुंजाराम लोहाराचं छप्पर होतं. चार मेढी, वर तुराट्या आणि फाटके पत्रे, मधे ऐरण आणि कोपऱ्यात भाता. एवढाच त्याचा कारखाना. त्र्याहत्तर सालचा फाल्गुन लागला तेव्हा त्या छपरात ना नांगराचा फाळ होता, ना कुऱ्हाड, ना बैलगाडीच्या चाकाची धाव. पावसानं दोन वर्षं तोंड दाखवलं नव्हतं. लोकांनी बैलं विकली होती, नाहीतर छावणीला नेऊन बांधली होती, आणि दावणच रिकामी झाल्यावर लोहाराची आठवण कुणाला येणार?

सडक मात्र चालू होती. मिलोच्या, म्हणजे रेशनच्या तांबड्या ज्वारीच्या, पोत्यांचे ट्रक, खडीचे ट्रक, पाण्याचे टँकर, साहेबांच्या जीपा. गाडी म्हटली की ती कुठंतरी घासणारच. पुंजारामनं आधी एका ट्रकचा चेपलेला मडगार्ड ठोकून सरळ केला, मग एका जीपचं दार. नगरच्या गॅरेजांत आठ-आठ दिवस नंबर लागत नसे, म्हणून ड्रायव्हर लोक त्याच्याकडं वळू लागले. वर्षभरात बैलगाडीचा लोहार मोटारीचा लोहार झाला. ठोकलेल्या पत्र्यावरून तो डोळे मिटून तळहात फिरवायचा. हाताला कुठं उंचवटा लागला की पुन्हा हातोडी घ्यायचा. गिऱ्हाईक सडकेवर उभं राहून बिड्यांवर बिड्या ओढायचं आणि हा आपला ध्यान लावल्यासारखा बसलेला. "पुंजाराम, जेवून येऊ का झोपून येऊ?" असं लोक विचारत.

त्याची बायको चांगुणा घण मारायची. लोहाराच्या घरात यात नवल काही नाही. नवरा सांडशीत लोखंड धरतो, बायको घण घालते आणि म्हातारी भाता ओढते. म्हातारी म्हणजे पुंजारामची आई साळूबाई. तिला डोळ्यांनी अंधुक दिसायचं, पण निखाऱ्याला किती वारा पाहिजे हे तिला आवाजावरून कळायचं. छपरात काम नसलं की चांगुणा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. घण मारणारे हात, त्यामुळं तिची पाटी बाकीच्या बायकांच्या आधी भरायची आणि मुकादमसुद्धा तिला दबकून असायचा.

होळीच्या आठ दिवस आधी, एका बुधवारी सकाळी, पाण्याचा टँकर छपरापुढं येऊन थांबला. ड्रायव्हर गोरक्ष खाली उतरला तो डोक्याला हात लावूनच.

"पुंजादादा, घाटाच्या वळनावर दगडाला घासली. समदं पानी गेलं बघ."

टाकीची डावी कूस आत चेपली होती आणि खाली, सांध्यापाशी, हातभर पत्रा उसवला होता. हा टँकर म्हणजे पाच वस्त्यांचा जीव. तलावावर भरायचा आणि एकेका वस्तीवर मांडलेली पिंपं भरत पुढं जायचा. पहिलं ठिकाण लोहाराच्या छपराजवळची वस्ती; शेवटचं बरडवाडी, सात मैलांवर, माळाच्या पार टोकाला. रस्ता असा की टँकरच्या आधी ड्रायव्हरची हाडं खिळखिळी व्हावीत.

मागोमाग मोटारसायकलवर ठेकेदार रंगनाथशेठ आला. माणूस वाईट नव्हता, पण कायम दोन्हीकडून मार खात असल्यासारखा बोलायचा. इकडून लोक, तिकडून कचेरी.

"किती येळ लागंल?"

पुंजाराम टाकीखाली उताणा पडून बघत होता. तिथूनच म्हणाला, "तीन दिस."

"तीन दिस? आरं, गाडीचं लगीन लावायचंय का?"

"शेठ, नुसतं ठिगळ मारून भागायचं न्हाई. कूस आदी भायेर काढाया पायजे, तवा सांदा जुळंल. आसंच मारलं तर रिबीट ताणावर ऱ्हातील. खड्ड्यात आपटली गाडी की झाले सैल."

"ते मग बघू. सांजच्याला सुटली पायजे. लोकं फाडून खातील मला."

तोवर बायका जमल्या होत्याच. सगळ्यांत पुढं शेजारची केशरबाई, काखेत रिकामी घागर. तिचा आवाज मोठा, आणि त्या दिवसांत आणखी मोठा झाला होता.

"पुंजाभाऊ, नक्षी नगं काढत बसू. पानी आलं म्हंजे झालं."

पुंजारामनं चांगुणाकडं पाहिलं. घरात काल दुपारपासून घागर पालथी होती. साळूबाईनं सकाळी चूळसुद्धा भरली नव्हती. चांगुणा म्हणाली, "करा की कसंतरी. आजच्यापुरतं."

मग त्यानं हातोडी घेतली. रॉकेलच्या पिंपाचा पत्रा कापला, भोकं पाडली, आणि ठिगळ लावायला घेतलं. टाकीच्या तोंडातून त्याचे खांदे जात नसत आणि गोरक्षाचं पोट जात नसे, म्हणून आत चांगुणा उतरली. रिबीट, म्हणजे टोपीचा जाड खिळा, आतून घालायचं, त्याच्या टोपीला लोखंडी ठोकळा टेकवून सगळं अंग त्यावर रेटायचं, आणि बाहेरून नवरा ठोकायचा. बारा रिबीट झाले, थंडेच. तापवायला वेळ कुठं होता? सूर्य कलायला लागला होता.

आता पारख. टाकीत कुठं भोक राहिलंय का हे बघायला पाणी भरून बघावं तर पाणी नाही. पुंजारामनं त्यावर स्वतःचाच उपाय काढला होता. आत माणूस बसवायचा, वरून झाकण लावायचं आणि आतल्यानं सांगायचं. उजेड दिसला तर भोक आहे. मिट्ट अंधार असला तर काम झालं.

झाकण बसलं. चांगुणा गुडघ्यांत मान घालून बसली आणि डोळे अंधाराला सरावू दिले. हळूहळू ठिगळाच्या खालच्या कडेला उजेडाचे तीन ठिपके दिसायला लागले. दोन मोहरीएवढे, एक ज्वारीच्या दाण्याएवढा. बाहेर घागरी एकमेकींवर आपटत होत्या. केशरबाईचा आवाज पत्र्यातून आत येत होता. साळूबाईचा कोरडा खोकलाही येत होता.

"चांगुणे, काय दिसतंय?" पुंजारामनं विचारलं.

तिनं तीन ठिपक्यांकडं पाहिलं. तिला वाटलं, तीन तर आहेत. ज्वारीएवढं भोक, त्यातून किती जाणार?

"काय न्हाई," ती म्हणाली. "काळाकुट्ट अंदार हाय."

त्या सांजेला पाणी आलं. केशरबाईनं पहिली घागर भरली आणि पुंजारामच्या हातांवरून बोटं उतरवून कडाकडा मोडली. रंगनाथशेठ म्हणाला, "बघ, तीन दिसांचं काम अर्ध्या दिसात झालं का न्हाई? उगं भाव खातोस." पुंजाराम हसला. चांगुणानं सासूला तांब्याभर पाणी दिलं आणि स्वतः दोन तांबे प्याली, आणि रात्री तिला छान झोप लागली. हे सांगायला हवं, कारण पुढं तिला त्या झोपेचीच जास्त लाज वाटली.

आठ-दहा दिवसांनी ती कामावर गेली तेव्हा तिच्या शेजारी एक नवी बाई खडी फोडायला बसली होती. बायडाबाई तिचं नाव, बरडवाडीची. वयानं चांगुणाएवढीच, पण ओठ फुटलेले आणि बोलताना ती ते सारखे जिभेनं ओले करायची. दुपारी दोघींनी भाकरी सोडली. चांगुणाकडं पाण्याचा गडू होता. बायडाबाईकडं नव्हता.

"आमच्याकडं टँकर येतो," बायडाबाई म्हणाली, "पन नुसता खडखडत. पिंपाच्या बुडाला येतं तेवढं. पहिल्या धाच्या घागरी भरत्यात, बाकीच्यांनी पिंपाचं तळ पदरानं टिपायचं आन पदर पिळायचा."

"का गं? टाकी तर भरून निगती."

"वाटंतच गळती म्हनं. डायवर म्हनला, तिसगावच्या लोहारानं ठिगळ मारलंय. पट्टकन काम उरकलं आन मोकळा झाला." तिनं हातोडी उचलली आणि दगडावर हाणली. "हात झडले त्याचे."

चांगुणाच्या हातातला घास तसाच राहिला. नवऱ्याच्या हाताला शिव्या बसत होत्या, आणि त्या हाताला काहीच माहीत नव्हतं. गडू पुढं करून ती म्हणाली, "पानी घे." बायडाबाई घटाघटा प्याली आणि तोंड पुसून पुन्हा त्या लोहाराच्या सात पिढ्या काढायला लागली. चांगुणानं ऐकून घेतलं. मी त्याचीच बायको, एवढं म्हणायला तिची जीभ रेटेना.

घरी परतताना ती सडकेच्या कडेनं चालत होती. धुळीत मधोमध एक ओली रेघ होती, करंगळीएवढी जाड, वळणावळणानं गेलेली. टँकर नुकताच गेला असावा. रेघेवर मधमाश्या बसल्या होत्या, आणि एक शेळी मान खाली घालून ओली माती चाटत होती. चांगुणा त्या रेघेच्या बाजूनं घरापर्यंत आली. रेघ कुठंच तुटली नव्हती.

चुलीपुढं भाकरी थापता थापता तिनं नवऱ्याला सांगितलं. आडपडदा न ठेवता सांगितलं, कारण आडपडद्याची सवय तिला नव्हती. आयुष्यात एकदाच ठेवला होता.

"त्या दिशी टाकीत मला उजेड दिसला हुता."

पुंजारामनं हातातली भाकरी खाली ठेवली आणि म्हणाला, "किती?"

"तीन. एक ज्वारीएवढा."

"मला का न्हाई सांगितलं?"

"समद्या बाया उभ्या हुत्या. आत्याबाई खोकत हुत्या. सांगितलं आसतं तर तुमी थांबला आसता?"

"थांबलो आसतो का न्हाई, ते म्या ठरीवलं आसतं," पुंजाराम म्हणाला. "तू आत बसलीस तर तुझं डोळं ते माझं डोळं. तूच खोटं बोललीस तर म्या आंधळाच की."

त्यानं शिवी दिली असती, हात उगारला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो मुकाट्यानं उठला आणि बाहेर ऐरणीवर जाऊन बसला. साळूबाई भिंतीला टेकून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "माझ्या खोकल्याचं नाव नगं घिऊस बाई. म्या काय मागितलं हुतं का?" चांगुणा तव्यावरची भाकरी उलटायची विसरली. ती जळली.

दुसऱ्या दिवशी सांजेला टँकर बरडवाडीहून रिकामा परतत होता. पुंजाराम सडकेच्या मधोमध उभा राहिला. गोरक्षानं गाडी थांबवली. त्याला वाटलं, पाथर्डीपर्यंत यायचं असेल. पुंजाराम टाकीखाली शिरला, ठिगळाच्या कडेला छिन्नी लावली आणि सहा-सात घाव घातले. रिबीट तडातडा सुटले. ठिगळ एका कडेनं खाली लोंबायला लागलं.

"आरं, याड लागलं का तुला!" गोरक्ष ओरडला.

"आता घाल छपरापुढं. तीन दिस हलायची न्हाई."

मग जे व्हायचं ते झालं. पाणी बंद म्हटल्यावर वस्ती गोळा झाली. रंगनाथशेठ मोटारसायकल स्टँडला न लावताच उतरला आणि ती आडवी पडली.

"सरकारी कामाची गाडी फोडतोस? पोलीस आनतो, थांब!"

"आना. पन रिबीट मारता येनारा आना."

"नगरला वढून नेतो गाडी!"

"न्या की. नंबर लागस्तवर पाडवा व्हईल."

शेठला ते ठाऊक होतं, म्हणून तो पडलेली मोटारसायकल उचलायला वळला. बोलली ती केशरबाई. पुंजारामला नव्हे, चांगुणाला. "तुझ्या नवऱ्याला काय झालं गं? चांगलं चाललं हुतं की. आमाला तर पानी येत हुतं."

"बरडवाडीला येत नव्हतं," चांगुणा म्हणाली.

"बरडवाडी तुझी कोन लागती?"

तिथं तिचं माहेर नव्हतं, सोयरीक नव्हती, देव नव्हता. तिथली एक बाई तिच्या गडूतून पाणी प्याली होती, एवढंच.

वस्तीतल्या बायका पहाटे उठून दोन कोसांवरच्या ओढ्यात झिरे खणायला जाऊ लागल्या. वाळूत हातभर खड्डा करायचा, पाणी पाझरेपर्यंत बसून राहायचं आणि वाटीनं घागर भरायची. चांगुणाही जायची. तिच्याशी कुणी बोलत नसे. तिनं खणलेल्या झिऱ्यापासून बाकीच्या चार हात लांब बसायच्या. परत येऊन ती टाकीत उतरायची.

पहिला दिवस कुशीतच गेला. आतून चांगुणानं आणि बाहेरून पुंजारामनं ठोकून ठोकून ती बाहेर काढली, पण पातळ पत्रा मार खाऊन ताणला होता. एकीकडून दाबला की दुसरीकडून फुगायचा, आणि दर वेळी टाकी 'डुब्ब' असा आवाज करायची. ते ऐकून सडकेवरची माणसं हसायची. दुपारपर्यंत पुंजाराम घामानं भिजला आणि पत्रा होता तिथंच.

साळूबाई भात्यापाशी बसल्या बसल्या म्हणाली, "धाव कशी चढवायचा तुझा बाप?"

पुंजारामची हातोडी थांबली. चाकावर लोखंडी धाव चढवायची तर ती तापवून फुगवायची, चाकावर बसवायची आणि वरून पाणी मारायचं. लोखंड आक्रसतं आणि लाकडाला असं आवळतं की चाक मोडेल पण धाव निघणार नाही. आयुष्यभर केलेलं काम, आणि पत्रा पातळ म्हणून त्याला आठवलंच नव्हतं. त्यानं लोखंडी सळई लालभडक करून फुग्याच्या मध्यावर टेकवली, पत्र्याला रुपयाएवढा लाल ठिपका आला, आणि तो ओरडला, "पानी!"

पाणी म्हणजे चांगुणानं पहाटे वाटी-वाटीनं भरून आणलेली घागर. दुसरं घरात नव्हतं. टाकीतून वर येऊन तिनं त्यात फडकं बुडवलं आणि पिळता पिळता नवऱ्याच्या हातात दिलं. चर्र झालं. पत्रा बोटभर आत ओढला गेला.

सडकेवर एकच गलका उठला. "आमी थेंबाला म्हाग आन हा लोखंडाला पानी पाजतोय!" केशरबाईच्या आवाजात या वेळी राग नव्हता, रडू होतं, आणि ते चांगुणाला रागापेक्षा जड गेलं.

"आमच्या वाटचं हाय, केशरबाई," ती म्हणाली. "तुमच्यातलं न्हाई."

अर्धी घागर पत्र्याला गेली. रात्री तिघांनी मिळून तांब्याभर पाणी प्यायलं. साळूबाईनं आपल्या वाट्याचे दोन घोट सुनेच्या भांड्यात ओतले.

दुसऱ्या दिवशी ठिगळ. पुंजारामनं छपरामागून एका फुटक्या काहिलीचा तुकडा ओढून आणला. देवळाली प्रवरेच्या एका गुऱ्हाळावरून त्यानं तो तव्यांसाठी आणून ठेवला होता. जाड, जुनं, चांगलं लोखंड. निखाऱ्यात घातल्यावर त्यातून जळक्या गुळाचा वास सुटला. सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं आणि कुणालाच हसू आलं नाही. तुकडा टाकीच्या कुशीला बिलगेपर्यंत त्यानं तो सात वेळा तापवला आणि सात वेळा वाकवला. तळहात फिरवून पाहिला. मग आठव्या वेळी तापवला.

मग रिबीट, या वेळी लालबुंद. साळूबाई भाता ओढत होती. गोरक्ष टाकीवर चढून सांडशीनं एकेक रिबीट तोंडातून आत द्यायचा, चांगुणा दुसऱ्या सांडशीनं ते घेऊन भोकात घालायची, आणि ठोकळा टेकवून खांद्यानं रेटायची. बाहेरून घाव बसला की तो ठोकळ्यातून खांद्यात, खांद्यातून दातांत यायचा. टाकी उन्हानं आणि रिबिटांनी तापलेली. पाय ठेवला की टाच भाजायची, म्हणून तिनं पायाखाली गोणपाट घेतलं होतं. दहा रिबीट झाल्यावर तिला कानात नुसता घाव ऐकू यायचा, थांबला तरी. वीस झाल्यावर एक रिबीट सांडशीतून निसटलं आणि तिच्या पोटरीवर पडलं. तिनं ते झटकलं, शोधलं, गार झालं म्हणून परत वर दिलं.

"वैनी, भाजलं का?" गोरक्ष वरून म्हणाला.

"दुसरं दे."

गोरक्ष पहिल्या दिवशी फुगून बसला होता, पण काम जसं आकाराला येऊ लागलं तसा तो पाघळला. संध्याकाळी तो पुंजारामला म्हणाला, "दादा, लोकांना वाटतं डायवरच पानी इकतो वाटंत. माझ्या आईनंबी इचारलं मला."

तिसऱ्या दिवशी सांधा. ठिगळाची कड छिन्नीनं ठोकून ठोकून पत्र्यात दाबायची आणि बाहेरून शेंदूर-तेलाचा लेप भरायचा. शेंदूर गुरवानं मारुतीच्या देवळातला दिला, पण अंगावर धावून येतच दिला. "आतून लावू नका रं, पोटात गेला तर गळा जातोय मानसाचा." पुंजाराम म्हणाला, "भायेरूनच हाय बाबा. आतून सांदाच बंद पायजे, लेप न्हाई."

दिवस कलायला अजून तासभर होता. वस्ती पुन्हा जमली. बरडवाडीला निरोप गेला असावा, चार-पाच बापे तिकडूनही आले होते. रंगनाथशेठनं टँकर भरायला तलावावर माणूस बसवून ठेवला होता. चांगुणा आत उतरली. झाकण बसलं.

ती डोळे उघडे ठेवून बसली. अंधार गच्च होता. तिला मनापासून बरं वाटलं. पाठ टेकावी आणि इथंच झोपावं असं वाटलं. बाहेर घागरी वाजत होत्या.

आणि मग, डोळे पुरते सरावल्यावर, वरच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या रिबिटापाशी तिला काहीतरी चमकल्यासारखं झालं. खसखशीएवढं. मान हलवली की जायचं, परत आणली की यायचं. ती तिथंवर रांगत गेली. बोट ठेवलं, ठिपका गेला. बोट काढलं, आला.

"चांगुणे, काय दिसतंय?"

तीन दिवसांत पोटभर पाणी कुणीच प्यालं नव्हतं. तिची स्वतःची जीभ टाळूला चिकटत होती. आणि हा ठिपका पाच वस्त्यांतल्या कुणालाही कधी कळला नसता.

"एक हाय," ती म्हणाली.

बाहेर गलका असा उठला की टाकी दणाणली. शेठचा आवाज आला, "केवढं हाय? इचार तिला केवढं हाय!"

"खसखशीएवढं."

"खसखशीसाठी गाडी ठिवायची?"

त्या गलक्यातून केशरबाईचा आवाज वेगळा उमटला, अगदी पत्र्याला तोंड लावून. "चांगुणे, डोळं झाक की गं जरा. पाया पडते तुझ्या."

चांगुणाच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते तिनं पदरानं पुसलं, कारण त्यातून ठिपका नीट दिसेना. "न्हाई झाकनार, केशरबाई," ती म्हणाली. "हितं हाय. वरच्या रांगंला, कोपऱ्यात." आणि तिनं आतून ठोकळ्यानं तिथं ठकठक केलं.

बाहेरून, बरोबर त्याच जागी, हातोडीची ठकठक आली. नवऱ्याला जागा सापडली होती. त्यानं शेठला काय सांगितलं ते तिला ऐकू आलं नाही. पण झाकण उघडल्यावर तिला दिसलं की शेठ मोटारसायकलवर बसून निघाला होता आणि पुंजाराम छिन्नी घेऊन ते रिबीट तोडत होता. भोक वाकडं गेलं होतं. ते मोठं करून नवं जाड रिबीट घडवावं लागलं, आणि त्यात दुसऱ्या दिवसाची दुपार झाली.

त्या दुपारी ती शेवटची आत बसली. झाकण बसलं. तिनं येत होते तेवढे आकडे दोनदा मोजले. चारी बाजूंनी हात फिरवला. बाहेरून नवऱ्यानं एकदाच विचारलं. घाई कर म्हणाला नाही.

"काय न्हाई," ती शेवटी म्हणाली. "अंदार हाय."

"उघडू?"

"उघडा."

तिचा हात धरून त्यानं तिला बाहेर ओढलं. पोटरीवरच्या फोडाकडं त्याचं लक्ष गेलं तेव्हा तो म्हणाला, "तेल लाव त्याला," आणि हत्यारं गोळा करायला लागला. टँकर गेला. पुढं कौतुक कुणीच केलं नाही. केशरबाईनं घागर भरून घेतली आणि मान फिरवून गेली. जुन्या ठिगळाच्या वेळी तिनं बोटं मोडली होती.

सोमवारी चांगुणा कामावर गेली. बायडाबाई आधीच येऊन बसली होती. ओठांवरच्या भेगा तशाच होत्या, पण आज तिच्यापुढं फडक्यानं तोंड बांधलेला पितळी तांब्या होता. दुपारी भाकरी सोडताना ती म्हणाली, "तीन दिस आला न्हाई, पन आता पिंप काठोकाठ भरतं बघ. डायवरला कुनीतरी दम दिला आसंल. त्या मुडद्या लोहाराकडून न्हाई व्हायचं हे."

चांगुणानं हातोडी खाली ठेवली.

"बायडाबाई, त्या लोहाराला बोलू नगं. माझा नवरा हाय त्यो."

बायडाबाईचं तोंड उघडंच राहिलं.

"आन त्याची चूक न्हवती. टाकीत म्या बसले हुते. भोकं मला दिसली हुती. म्या न्हाई म्हनून सांगितलं. आमच्या घागरी रिकाम्या हुत्या म्हनून."

बायडाबाईनं तांब्या उचलून आपल्याकडं ओढला, फडकं सोडलं आणि एक घोट घेतला. सावकाश गिळला. आजूबाजूला हातोड्या वाजत होत्या, मुकादम कुणावर तरी खेकसत होता. चांगुणा मान खाली घालून बसली. ही बाई आता उठून दुसरीकडं जाऊन बसेल, हे ती धरूनच होती.

"किती दिस?" बायडाबाईनं विचारलं.

"आठ-धा."

"आठ-धा दिस म्या पदर पिळला."

"व्हय."

बायडाबाईनं तांब्या तिरका केला.

"ओंजळ धर," ती म्हणाली.

चांगुणानं ओंजळ धरली. पाण्याला लोखंडाचा वास येत होता.